‘अतिशयोक्ती’ म्हणजे खोटं बोलणं का? मामांच्या आठवणींसाठी नेमका शब्द हवा आहे

ओसरी

माझे थोरले मामा नव्वदीला आले आहेत. त्यांच्या आठवणी मी फोनवर ध्वनिमुद्रित करून घेते आणि रात्री बसून कागदावर उतरवते. घरातल्या मंडळींपुरतं एक छोटं पुस्तक करायचं आहे. मामांनी उभी हयात शेती केली. तरुणपणी ते विहिरी खणायच्या कामावरही जायचे. त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं हे मी सुरुवातीलाच ठरवलं, कारण या पुस्तकाचा जीव त्यातच आहे. दुष्काळी वर्षाबद्दल ते सांगतात, ‘पाखरं चोचीत पाण्याचा थेंब धरून झोपायची, उद्या मिळेल न मिळेल म्हणून.’ उन्हाबद्दल म्हणतात, ‘कावळा उडून जायचा, पण त्याची सावली झाडाखालून हलायला तयार नसायची.’

मामेभावाने मजकूर वाचला आणि म्हणाला, प्रस्तावनेत एक खुलासा टाक. म्हणून मी लिहिलं, ‘मामांच्या कथनात काही ठिकाणी अतिशयोक्ती आढळेल.’ ते मामांना वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोरी, मी थापा मारतो असं तू छापणार?’

मला तसं मुळीच म्हणायचं नव्हतं. शाळेत अलंकार म्हणून शिकलेला शब्द, त्यात दोष कसला, असं वाटत होतं. आता शंका येते आहे. ‘अतिशयोक्ती’त खोटेपणाचा आरोप असतोच का? ‘अत्युक्ती’ किंवा ‘अतिरंजित’ हे शब्द सौम्य आहेत का? की सरळ ‘वाढवून सांगितलेलं’ असं म्हणू? मामांचं मन न दुखवता वाचकाला काय ते कळेल असं काहीतरी सुचवा.

सांजवात

ती ओळ काढून टाका. पाखरांचं वाक्य वाचून वाचणाऱ्याला दुष्काळ कळतो, आणि त्या वाक्याने तेवढंच कळवायचं आहे. खुलासा दिला की वाक्याची ताकद जाते. वाचकावर विश्वास ठेवा.

दुभाषी

ओसरीताई, मामांना का लागलं ते मला पूर्ण समजतं, आणि तुमचा शब्दही चुकलेला नाही. ‘अतिशयोक्ती’ काव्यशास्त्रात मानाने वावरते, पण रोजच्या बोलण्यात ती तक्रार होऊन येते. ‘त्याच्या बोलण्यात जरा अतिशयोक्ती असते’ असं आपण कौतुकाने म्हणत नाही. त्याचं सगळं धरून चालू नकोस, एवढंच त्यातून सुचवायचं असतं. तुम्ही शाळेतला अर्थ मनात धरून लिहिलंत, मामांनी बोलण्यातला ऐकला.

मी न्यायालयीन कागदपत्रांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो. जबान्या, पंचनामे, साक्षी. एका साक्षीत एक बाई म्हणाली होती, ‘आरडाओरडा ऐकून सगळा गाव गोळा झाला.’ उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, गावची वस्ती किती? आणि तेवढी माणसं अंगणात मावली कशी? बाई गोंधळून गेली. ‘सगळा गाव’ ही काही शिरगणती नव्हे, हे तिला माहीत होतं, विचारणाऱ्यालाही माहीत होतं. पण बोललेला शब्द कागदावर आला की त्याचा सूर गळून पडतो आणि नुसता शब्द उरतो. तेव्हापासून असं वाक्य आलं की मी भाषांतराखाली टीप देतो, की हा मराठीतला रूढ वाक्प्रचार आहे, याचा अर्थ पुष्कळ लोक जमले एवढाच.

या कामात माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. ऐकणाऱ्याने हे अक्षरशः खरं मानावं, अशी बोलणाऱ्याची इच्छा आहे का? तशी इच्छा नसेल आणि समोरच्यालाही ते ठाऊक असेल, तर ती अतिशयोक्ती. पाखरांनी खरोखर चोचीत थेंब धरला होता असं तुम्ही समजावं, असं मामांना वाटत नाही. तुम्हीही तसं समजत नाही. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही.

तशी इच्छा असेल, तर मात्र ‘अतिशयोक्ती’ हा शब्द मी वापरत नाही. त्यासाठी मराठीत दुसरे शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम निराळं आहे. माप किंवा आकडा मोठा केला तर ते फुगवून सांगणं. ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना चटकदार केली तर ते तिखटमीठ लावणं, आणि त्यात आपल्याकडची चार वाक्यं मिसळली तर पदरचं घालणं. स्वतःबद्दल असेल तर बढाई किंवा फुशारकी. ‘मी अमुक करून दाखवीन’ अशा पुढच्या बाता असतील तर वल्गना. अडचण किंवा भीती वाढवली तर बाऊ करणं.

‘राईचा पर्वत’ आणि ‘पराचा कावळा’ हे दोन्ही हल्ली एकाच अर्थाने सर्रास छापले जातात, ते मला खटकतं. राईचा पर्वत करणाऱ्याजवळ निदान राई असते. काहीतरी बारीकसं खरोखर घडलेलं असतं आणि तो त्याचा आकार वाढवतो. पराचा कावळा करणाऱ्याला मिळालेलं असतं एक पीस, आणि तो कावळा पाहिल्याचं सांगतो. इथे वस्तूच बदलते. कुरबुरीचं भांडण झालं तर राईचा पर्वत. दोघं एका बाकावर बसलेले दिसले म्हणून लग्न ठरल्याची बातमी पसरली तर पराचा कावळा. अफवेला दुसरा शब्द लागू पडतो, पहिला नाही.

आणि ज्यात खऱ्याचा कणही नसतो ती थाप. मामांनी तुमच्या वाक्यातून थेट हा शेवटचा शब्द ऐकला, म्हणून दुखावले.

‘अतिरंजित’ तर अजिबात नको. त्यात रंग आहे, आणि रंग देणारा हात मुद्दाम फिरलेला असतो. ‘अतिरंजित वृत्त’, ‘अतिरंजित आरोप’ असाच तो शब्द वापरला जातो. मामांना तो जास्त बोचेल.

एक गोष्ट कायद्यातली, कारण ती इथे लागू पडते. एक बाब खोटी ठरली की सगळी साक्ष खोटी धरावी, असं एक जुनं लॅटिन सूत्र आहे. भारतात ते नियम म्हणून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. माणूस सांगताना भर घालतो हे धरूनच न्यायाधीशाने दाणे आणि भुसा वेगळा करायचा असतो. भर घातली म्हणून माणूस खोटा ठरत नाही, हे आपल्या न्यायव्यवस्थेलाही मान्य आहे. मामांना हे जरूर सांगा.

अनुप्रास

दुभाषींच्या कसोटीला काव्यशास्त्राचा चांगला आधार आहे, म्हणून थोडं लिहितो. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात अतिशयोक्तीची व्याख्या करताना लोकमर्यादा ओलांडणारं वर्णन असं म्हटलं आहे आणि तिला ‘अलंकारोत्तमा’ हे विशेषण दिलं आहे, म्हणजे अलंकारांत श्रेष्ठ. भामह हा दुसरा काव्यशास्त्रकार तर तिच्याशिवाय अलंकार तो कोणता, अशा अर्थाचं विचारतो. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ही कल्पना आवळली. ज्याचं वर्णन करायचं त्याला, म्हणजे उपमेयाला, ज्याच्याशी तुलना करायची त्या उपमानाने गिळून टाकायचं, असं तिचं मुख्य रूप त्याने सांगितलं. म्हणजे ‘तिचा चेहरा चंद्रासारखा’ असं न म्हणता सरळ ‘चंद्र उगवला’ म्हणायचं आणि चेहऱ्याचं नावच घ्यायचं नाही. शाळेत आपण जी शिकतो ती अतिशयोक्ती दंडीच्या जवळची आहे.

शाळेतल्या व्याख्येचे दोन भाग असतात, आणि लोकांच्या लक्षात पहिलाच राहतो. एखादी कल्पना आहे त्यापेक्षा फुगवून सांगणं, हा पहिला भाग. त्यातली असंभाव्यता स्पष्ट करणं, हा दुसरा. माझ्या मते दुसरा भागच महत्त्वाचा. दमडीच्या तेलाचं लोकगीत आठवा, व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत उदाहरण म्हणून असतं. दमडीच्या तेलात सगळ्या घराचं न्हाणं होतं, वर उरतं, सांडतं, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि शेवटी त्यात उंट पोहतो. ‘तेल सगळ्या घराला पुरलं’ एवढ्यावर गाणं थांबलं असतं तर ऐकणाऱ्याला प्रश्न पडला असता, खरंच पुरलं असेल का? उंट आला आणि तो प्रश्न संपला. अशक्य कोटीपर्यंत नेल्यामुळेच ते बोलणं प्रामाणिक राहतं. मामांच्या कावळ्याची सावली नेमकी हेच करते.

‘अत्युक्ती’बद्दल. अति आणि उक्ती मिळून अत्युक्ती, अतिशय आणि उक्ती मिळून अतिशयोक्ती. अर्थ जवळचे, पण परंपरेत अत्युक्तीला तेवढा मान नाही. दंडीने एक भडक वर्णन देऊन ‘याला अत्युक्ती म्हणतात आणि हे गौडांना (बंगालकडच्या कवींना) आवडतं’ असं नोंदवलं आहे, त्यात नापसंती स्पष्ट आहे. ‘कुवलयानंद’ या नंतरच्या अलंकारग्रंथात ती स्वतंत्र अलंकार म्हणून येते, शौर्य, औदार्य वगैरेंच्या अद्भुत आणि खोट्या वर्णनासाठी. म्हणजे राजाच्या भाटाचं बोलणं. मामांचं नाही.

जाता जाता, ‘अमृताहून गोड’ यासारख्या बोलण्यालाही अनेक जण अतिशयोक्ती म्हणतात. तो व्यतिरेक. तिथे उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरवलेलं असतं.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. दुभाषी, न्यायालयाची गोष्ट मामांना सांगितली. ‘मग जज्जसाहेबांना कळतं, तर तुझ्या वाचकांना का नाही कळणार?’ असं म्हणाले. सांजवात, म्हणजे ते तुमच्याच बाजूचे निघाले.

पण दुभाषी, तुमची कसोटी घेऊन पुन्हा सगळा मजकूर वाचला आणि एका जागी अडले. मामा सांगतात, ‘आम्ही पाच जणांनी एका उन्हाळ्यात बारा परस विहीर खणली.’ मामेभावाने दोर सोडून मोजली, तर आठ परस भरली. इथे उंट नाही. बारा परस विहीर असू शकते, वाचणारा ते खरं धरणार. मग हे फुगवलेलं म्हणायचं? मला तो शब्द त्यांच्यासाठी वापरवत नाही.

दुभाषी

नका वापरू. फुगवणं हे हेतू ठरवून सांगतं, आणि हेतू तुम्हाला माहीत नाही.

आधी साधे प्रश्न विचारा. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. ती खणणाऱ्यागणिक बदलते. मामेभावाने कोणती उंची धरली? मोजलं ते काठापासून की जमिनीच्या पातळीपासून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, विहीर उपसली जाते का? वर्षानुवर्षं उपसली नाही तर तळाशी गाळ साचतो आणि खोली कमी भरते. खणली तेव्हा ती जास्त खोल असण्याची पुरेपूर शक्यता आहे. हे सगळं धरूनही अंतर उरेल, उरू द्या.

जबान्यांच्या कामात मी एक पथ्य पाळतो. माणसाच्या शब्दावर शेरा मारायचा नाही, शेजारी माप ठेवायचं. मजकुरात ‘बारा परस’ असंच राहू दे. खाली टीप द्या, ‘अमुक साली मोजल्यावर आठ परस. गाळ काढलेला नव्हता.’ वर्ष, माप, परिस्थिती, विशेषण एकही नाही. वाचणारा दोन्ही आकडे पाहील आणि आपलं मत करेल. ‘अतिशयोक्ती’, ‘फुगवलेलं’, ‘अतिरंजित’ हे सगळे निकालाचे शब्द आहेत. भाचीने मामांच्या आठवणींवर निकाल देण्याची गरज नाही.

प्रस्तावनेसाठी असं काहीतरी सुचवतो: ‘मामांचं बोलणं त्यांनी सांगितलं तसंच ठेवलं आहे. मापं आणि वर्षं जिथे ताडून पाहता आली, तिथे तळटीप दिली आहे.’ पाखरांना आणि सावलीला टीप नाही, विहिरीला आहे. वाचकाला यातूनच कळेल की कोणतं वाक्य कसं घ्यायचं.

रंगरेषा

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. आमच्या क्षेत्रात हाच भेद लेखी नियमात आहे, म्हणून सांगते. भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ मध्ये स्थापन झाली. तिच्या संहितेत उघड अतिशयोक्तीला मुभा आहे, अट अशी की ती गमतीची किंवा अतिशयोक्ती म्हणूनच स्पष्ट दिसली पाहिजे आणि कुणी तिचा शब्दशः अर्थ घेण्याची शक्यता नको. चहा पिऊन माणूस ढगांवर चालू लागला, चालेल. तोच चहा प्यायल्याने महिन्यात पाच किलो वजन उतरतं असं म्हटलं, तर तो दावा झाला आणि पुरावा द्यावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे.

माझा अनुभव असा की धोका अशक्य वाक्यात नसतो, शक्य वाटणाऱ्या आकड्यात असतो. त्यामुळे बारा परसांवर अडखळलात ते अगदी योग्य जागी अडखळलात.

काजवा

एक विचारू का? आम्ही कॉलेजात ‘भयंकर सुंदर’, ‘मरणाचा अभ्यास’, ‘खतरनाक आवडलं’ असं सतत बोलतो. आमचे सर म्हणतात त्याप्रमाणे ही भाषेची अतिशयोक्ती आहे का? मला तरी ते बोलताना वाढवून बोलतोय असं वाटत नाही.

अनुप्रास

काजवा, तुला वाढवल्यासारखं वाटत नाही यातच उत्तर आहे. ती कधीकाळची अतिशयोक्ती आहे, आता झिजून तिचा अर्थ ‘खूप’ एवढाच उरला. आणि हे तुमच्या पिढीने सुरू केलेलं नाही. ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्या पलीकडचं. ‘अत्यंत आभारी आहे’ असं पत्रात लिहिणाऱ्याच्या मनात कुठलाही अंत नसतो. खुद्द ‘अतिशय’ म्हणजे सगळ्यांवर मात करणारं आधिक्य, आणि आज आपण ‘अतिशय साधा माणूस’ म्हणतो.

वाक्प्रचारांचंही तेच. पोरांनी घर डोक्यावर घेतलं, पोटात कावळे ओरडतायत, पायाखालची जमीन सरकली, आभाळ ठेंगणं झालं. यातलं एकही ऐकून कुणी ‘किती वाढवून सांगतोस’ म्हणत नाही. झिजलेल्या अतिशयोक्तीतून भाषेचा रोजचा शब्दसाठा तयार होतो. त्यामुळे नवी, न झिजलेली, स्वतः घडवलेली अतिशयोक्ती बोलणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. चोचीतल्या थेंबाचं वाक्य मी याआधी कुठेही ऐकलेलं नव्हतं. ओसरीताई, अशी वाक्यं मामांकडून आणखी मिळवा. आवाजासकट जपून ठेवा.

कानामात्रा

मुद्रितशोधनाच्या बाजूने थोडं. या शब्दाचा छापील मराठीतला सगळ्यात जास्त वापर नकारात होतो, हे कुणी लिहिलं नाही अजून. ‘असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.’ भाषणं, सत्कार, मृत्युलेख, सगळीकडे. माझ्यापुढे येणाऱ्या मजकुरात हे वाक्य बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतं. ‘ते या संस्थेचे आधारस्तंभ होते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही’ इथवर चालेल, कारण त्यात मोठेपणाचं प्रमाण आहे. पण ‘त्यांनी निवृत्त व्हायला नको होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही’ हे चालत नाही. यात वाढवण्यासारखं काही नाहीच, ते फक्त मत आहे. तिथे ‘वावगं ठरणार नाही’ हवं. अतिशयोक्तीचा संबंध प्रमाणाशी, वावगं म्हणजे अनुचित. लेखकाने दोन्ही एकच समजलेले असतात. खरं तर बहुतेक वेळा दोन्ही काढून टाकले की वाक्य ताठ उभं राहतं.

क्रियापदांचं बघायचं तर अतिशयोक्ती होते, करतात, वाटते, ठरते. ‘अतिशयोक्ती मारली’ किंवा ‘अतिशयोक्ती बोलला’ असं हल्ली वाचायला मिळतं, ते मराठीच्या वळणाचं नाही. मारायच्या त्या थापा आणि बाता.

ओसरीताई, दुभाषींनी सुचवलेली ओळ घेतलीत तर हा शब्द तुम्हाला लागणारच नाही. तरी पुस्तकात कुठे आलाच, तर ‘अतिशयोक्ती’ दीर्घ लिहा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले तेव्हापासून तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, इकारान्त शब्द एकटे आले की शेवट दीर्घ करतात. समासात पहिलं पद म्हणून आला तर मूळचा ऱ्हस्व राहतो: ‘अतिशयोक्तिपूर्ण’. आणि ‘परस’ हा शब्द पुष्कळ तरुण वाचकांना कळणार नाही. तो पहिल्यांदा येईल तिथेच दुभाषींनी दिलेला अर्थ तळटिपेत टाका, नाहीतर आठ आणि बारा यांतला फरक किती मोठा आहे ते त्यांच्या ध्यानात येणार नाही.